पडद्यावरचा पन्हाळा

"ह्या पोराला ओल चालायची नाही," असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी महानंदाला खोलीत बोलावून चंदगडचं नाव काढलं.

मोठ्या बाई म्हणजे कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. मनानं वाईट नव्हत्या, पण संस्थेच्या सेक्रेटरींपुढं त्यांचं काही चालत नसे. संस्थेची एक शाळा इथं राजारामपुरीत, दुसरी तिकडं चंदगडला. इथं नववीची एक तुकडी मोडली, तशी विज्ञानाची एक शिक्षिका जास्त झाली. तिथं विज्ञानाला माणूस टिकत नव्हतं. जाईल तो पहिल्या आषाढाला भिऊन पळून येई.

"सगळ्यात मागनं लागलेली तूच," मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "मी काय करू सांग? एकच वाट आहे. संगणक. तो आपल्याकडं राहिला तर तो चालवणारी पण इथंच पाहिजे, एवढं मी सेक्रेटरींना ठणकावून सांगू शकते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याचे साहेब येणार आहेत. जिथं मशीन नुसतं झाकून ठेवलंय तिथनं उचलून दुसऱ्या शाळेला देणार म्हणे. असं काहीतरी दाखव, की साहेबांनी तोंडात बोट घातलं पाहिजे."

महानंदा हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिचा मल्लू नऊ महिन्यांचा, अजून अंगावर पिणारा. पावसाळाभर त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजत होती. कोल्हापूरच्या पावसात ही गत, तर चंदगडात काय होईल? तिथं म्हणे भिंतींना मिशा फुटाव्यात तशी बुरशी फुटते आणि काडेपेटी चुलीवर टांगून ठेवावी लागते. म्हणजे बदली झाली तर पोराला इथं सासूजवळ सोडून एकटीनं जायचं. आणि नोकरी सोडायची म्हटलं तर नवऱ्याच्या, सिद्धलिंगच्या, वर्कशॉपात वर्षातले चार महिने कामाची बोंब. सगळ्या वाटा फिरून त्या एका मशीनपाशी येत होत्या.

मशीन जूनमध्ये आलं होतं. सरकारी योजनेतून, लाकडी खोक्यात, गवतात आंबे यावेत तसं कागदाच्या कपट्यांत बसून. प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली झाडून तिथं 'संगणक कक्ष' अशी पाटी लागली. चपला बाहेर काढायच्या, खिडकीला पडदा, आणि पिराजी शिपाई रोज सकाळी उदबत्ती लावायला टपलेला. सांगलीच्या प्रशिक्षणाला महानंदाच गेली होती, मल्लू पोटात असताना. म्हणून मशीन तिच्या पदरात पडलं. महानंदाचं आडनाव हत्तरगी; शिक्षकांच्या खोलीत मशीनला 'हत्तरगी बाईंचं दुसरं बाळ' म्हणायचे. "पैलं रडतंय तरी," कुणीतरी म्हणालं होतं, "हे दुसरं नुसतंच डोळे मिचकावतंय."

मशीनबरोबर एक सरकारी फ्लॉपी आली होती. तिच्यात रंग होते, वाजायचं, पण सगळं इंग्रजीत. बर्फावरून घसरणारा एक माणूस होता. मुलींनी बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर बघितलेला. त्या कौतुकानं बघायच्या आणि तास संपला की काहीही न घेता निघून जायच्या.

म्हणून महानंदानं मशीनसाठी स्वतःचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, लिहायला घेतला. पडद्यावर डावीकडं पन्हाळ्याचा तट, खाली सपाट जमीन. तटावरून दोन दगड निघायचे. एक नुसता सोडलेला, दुसरा आडवा भिरकावलेला. वेग किती, हे मुलींनी विचार करून टाकायचं. पृथ्वीऐवजी चंद्र निवडायचीही सोय. मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून इंग्रजी लिपीतून मराठी वाक्यं. 'दगड कुठं पडेल, सांग बघू?' हा पहिला प्रश्न.

तिला स्वतःला हे फार आवडायचं. फळ्यावर ती दगडाची वाट खडूनं काढायची ती एक मेलेली रेघ असे. फळ्यावर वेळ जात नाही. इथं वेळ जायचा. आणि गंमत म्हणजे मशीनला ती वाट ठाऊकच नव्हती. पन्हाळाही ठाऊक नव्हता आणि न्यूटनही नव्हता. तिनं त्याला एवढंच शिकवलं होतं: मघाशी दगड कुठं होता ते बघ, खाली जायचा वेग जरासा वाढव, आणि त्या वेगानं दगड तेवढा सरकव. मग परत तेच. मग परत तेच. त्या इवल्या इवल्या पावलांतून ती वळणदार वाट आपोआप उमटायची. मल्लूला थोपटताना ती ह्याच ओळी मनात म्हणत असे, आणि पोराला त्याच तालावर झोप लागे.

मधल्या सुट्टीत सासू, गंगव्वा, पोराला पदराखाली घेऊन शाळेत यायची. प्रयोगशाळेतल्या कपाटामागं बसून महानंदा त्याला पाजायची, आणि तो सुटला की मशीनपाशी जाऊन दोन ओळी दुरुस्त करायची. ऑफ तास मिळाला तर आणखी चार. असे चोरलेले तास जोडून पन्हाळा उभा राहिला. कागदावर काही नव्हतं. सगळं मशीनवरच लिहायचं, खोडायचं, आणि एका फ्लॉपीवर ठेवायचं. दुसरी फ्लॉपी मागितली तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, "एक आहे की! आधी ती तर भरू दे."

सप्टेंबरात तिनं दहावीच्या मुलींना पहिल्यांदा ते दाखवलं. अक्काताई पाटील नावाची एक पोर होती, आवाज असा की शेजारच्या वर्गानं खिडकी लावून घ्यावी. ती पुढं बसली होती.

"कुठला आधी पडेल?" महानंदानं विचारलं.

"सोडलेला, बाई. इचारायचं काय त्यात? भिरकावलेल्याला लांब जायला लागतंय की."

"पुस्तकात काय दिलंय?"

"पुस्तकात दोन्ही एकदम पडत्यात म्हणून दिलंय. ते परीक्षेत लिवणार मी. पर तुमी खरं इचारलासा."

सगळा वर्ग हसला. महानंदाही हसली. मग तिनं बटण दाबलं. दोन ठिपके तटावरून निघाले. एक सरळ खाली, एक लांब वळण घेत. आणि दोन्ही एकाच क्षणी जमिनीला लागले.

मुली पडद्याकडं सरकल्या.

"परत," अक्काताई म्हणाली. "जास्त जोरात भिरकावा."

वेग दुप्पट केला. दगड पडद्याच्या पार कडेला गेला, पण पडला त्याच क्षणी.

"परत."

सहाव्यांदा अक्काताईनं कपाळावर हात मारला. "आयला! म्हंजे लांब जायचं एक काम, आन खाली पडायचं येगळंच काम! एकमेकांस्नी ठावंच न्हाय!"

"आयला म्हणू नये," महानंदा म्हणाली. इतकी वर्षं ती हेच वाक्य फळ्यावर लिहीत आली होती, आणि आज पहिल्यांदा ते कुणीतरी स्वतःच्या भाषेत तिला परत दिलं होतं. साहेबांना हेच दाखवायचं, तिनं ठरवलं. ह्याच्यासाठी मशीन इथं ठेवतील. ठेवावंच लागेल.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशीच शाळेत खंडेनवमी उरकून घ्यायची रीत होती. पिराजी नारळ, हळदकुंकू आणि तांब्याभर पाणी घेऊन कक्षाच्या दारात उभा राहिला.

"बाई, नारळ मशीनवर फोडू का टेबलावर?"

महानंदा दारात आडवी झाली. "पिराजी, आत नकोच. उंबऱ्यावर फोडा."

"आन हळदकुंकू?"

"टेबलाला लावा."

"टेबल काय काम करतंय व्हय बाई? काम करायचं मशीननं आन मान टेबलाला? आपल्या संस्थेतबी असंच चालतंय म्हणा."

शेवटी मशीनवरच्या कापडी खोळीला दोन बोटं कुंकू लावून तडजोड झाली. पण तिचा जीव राहीना. सुट्टीत हा माणूस किल्ली घेऊन आत शिरला, भक्तीचा उमाळा आला, तर? तिनं फ्लॉपी कागदाच्या पाकिटात घालून पर्समध्ये ठेवली आणि घरी आणली. घरासारखी सुरक्षित जागा कुठली?

घर म्हणजे राजारामपुरीच्या आतल्या गल्लीतल्या दोन खोल्या. गंगव्वा गडहिंग्लजकडची, तोंडात मराठी आणि कानडी एकाच घासाला; सुनेनंही तिला कानडीतलं 'अत्ती' म्हणायचं. धडधाकट बाई, पण एक गोष्ट तिच्या आत मोडलेली होती. थोरल्या लेकीचं मूल तापात तिच्या मांडीवर गेलं होतं. लेक कामावर होती आणि पोर आजीच्या हवाली होतं. डॉक्टरांनी सांगितलं की कुणाचीच चूक नव्हती. पण गंगव्वानं त्यानंतर कितीतरी दिवस कुणाचं लेकरू उचललं नव्हतं. "माझा हात चांगला न्हाय," म्हणायची. मल्लू झाला तेव्हा महानंदानं ओली बाळंतीण असताना स्वतः उठून पोर तिच्या ओट्यात ठेवलं होतं, तेव्हा कुठं तिचा हात सुटला.

"काय आणलंस ते?" गंगव्वानं विचारलं.

"अत्ती, हे कपाटात वर ठेवतो. मल्लूचा हात लागू देऊ नकासा. माझं सगळं काम ह्याच्यात हाय. हे असलं तर चंदगड चुकंल."

गंगव्वानं पाकीट हातात घेऊन तोलून बघितलं. "एवढ्यात? पापडागत तर हाय." मग तिचा चेहरा उजळला. "म्हंजे हे तुझं हत्यार म्हण की!"

आत मल्लू रडायला लागला होता. महानंदा वळता वळता हसून म्हणाली, "व्हय अत्ती. हेच माझं हत्यार."

नवमीच्या सकाळी तिला उठायला उशीर झाला. पोरानं झोपू दिलं नव्हतं. उठली तोवर पूजा झालेली. पाटावर सिद्धलिंगचे पाने, त्याचा मोजपट्टीचा डबा, गंगव्वाची विळी, महानंदाची पुस्तकं, आणि सगळ्यावर झेंडूचा ढीग. हात जोडले, पोराला अंगारा लावला आणि ती भाकरीला लागली. पुजलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नसतात, त्यामुळं पाटाकडं कुणी गेलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी गल्लीत सोनं वाटून झालं. महानंदानं उद्याची तयारी म्हणून कपाट उघडलं. वरचा कप्पा रिकामा.

"अत्ती, माझं ते पाकीट?"

"पाटावर हाय की. पुजलीया न्हवं!"

महानंदानं झेंडू बाजूला केला. पुस्तकांच्या वर पाकीट नीट घडी घालून ठेवलेलं, आणि त्याच्यावर फ्लॉपी उघडी. काळ्या चौकोनाला मध्ये एक लांबट खिडकी असते. तिथंच आतली चकती उघडी पडते, तिथंच मशीन वाचतं. त्या खिडकीवर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले होते. सुबक, सारख्या अंतराचे, तीन बोटांचे.

"कापडं घालून कधी पूजा करत्यात व्हय?" गंगव्वा मागून सांगत होती. "म्हणून काढली भायेर. आन बघ, तेवढंच उघडं कपाळ दिसलं बघ तिचं, तिथंच लावली. चांगली पाण्यात कालवून लावली, पडू नये म्हणून. सिद्ध्याच्या हत्याराशेजारी बसवली. दरवर्षी तुझी पुस्तकं पुजतो, पर हत्यार असं तुला हुतं कुठं? औंदा झालं. चंदगड चुकवायचं तर शिवाला इसरून चालतंय?"

महानंदानं हातातला झेंडू खाली ठेवला. ती पाटाशी बसली. सासूच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो ह्या घरात आल्यापासून तिनं पाहिला नव्हता. सुनेच्या कामाला कधी नावं ठेवली नव्हती गंगव्वानं, पण ते काम आहे हे असं हातानं स्पर्शून कधी मान्यही केलं नव्हतं.

"बरं केलासा, अत्ती," ती म्हणाली.

मोरीत दिवा लावून ती आणि सिद्धलिंग फ्लॉपी उजेडाला धरून बघू लागले. मल्लूचं जुनं मलमली लंगोटं घेऊन तिनं राख टिपली. वरची निघाली, पण वाळलेली राख आत खिडकीच्या कडेनं शिरली होती, आणि फिरवलं की चकतीवर केसासारखे ओरखडे चमकत.

"थोडं ऑइल लावून..." सिद्धलिंग म्हणाला. आयुष्यभर यंत्रांत वावरलेला माणूस. त्याला दुसरं औषध ठाऊक नव्हतं.

"नको!"

"आईला काय अक्कल हाय का न्हाय? थांब, बोलतोच मी तिला—"

महानंदानं त्याच्या तोंडावर ओला हात दाबला. "अत्तींना कळता कामा नये."

"का? उद्या नोकरी जाणार तुझी!"

"जाणार म्हणूनच." तिनं लंगोटं पिळलं. "त्यांना कळलं तर त्या मल्लूला परत हात लावायच्या न्हाईत. मग पोर कुणापाशी ठेवून जाऊ मी?"

सिद्धलिंगनं फ्लॉपी पाकिटात सरकवली. बाहेर गंगव्वा नातवाला खेळवताना कानडीत काहीतरी गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच महानंदा कक्षात गेली. फ्लॉपी घातली. मशीननं घरघर केली, परत केली, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली की वाचता येत नाही. तिनं काढून घातली. फुंकर मारली. परत तेच. छातीवर दगड ठेवून तिनं सरकारी फ्लॉपी घातली, ती रंगांची, बर्फाची. तीही वाचेना. राख आत मशीनच्या तोंडात गेली होती. आता मशीन होतं, पण त्याच्या डोक्यात काही नव्हतं, आणि घालायला वाटही नव्हती. फक्त तिची दहा बोटं आणि कळफलक.

साहेब सकाळी मुलांच्या हायस्कूलला जाऊन मग इथं येणार होते. तिनं पदर खोचला आणि आठवेल तसं टाइप करायला बसली. पन्हाळ्याच्या तटाच्या ओळी कितीतरी होत्या, त्या आठवेनात. चंद्र सोडून दिला. मराठी प्रश्न सोडून दिले. फक्त दगड. मघाशी कुठं होता, वेग किती होता, थोडा वाढव, तेवढा सरकव. पोराला थोपटायचा ताल बोटांत होता, त्यावर ती चालली.

मुली येऊन मागं उभ्या राहिल्या. पहिल्यांदा चालवलं तेव्हा ठिपका वर निघाला.

"बाई, दगड आभाळात चाललाय!" अक्काताई ओरडली.

कुठंतरी उण्याचं अधिक झालं होतं. शोधलं, बदललं. आता खाली पडू लागला, पण जमीन सांगायची राहिली होती. दगड पडद्याच्या खालून निसटून गेला आणि परत आलाच नाही. तिनं जमीन घातली. दुसरा दगड घातला. पान्हा फुटून पोलकं ओलं झालं होतं. मल्लूच्या दुधाची वेळ. तिनं पदर ओढून घेतला. तेवढ्यात फाटकाशी जीप वाजली.

साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि थकलेले होते. मोठ्या बाई त्यांच्यामागं हात जोडून. साहेबांनी पडद्याकडं पाहिलं. काळा पडदा, दोन पांढरे ठिपके.

"हे काय आहे?"

"सर, क्षितिजसमांतर फेकलेली वस्तू आणि सोडलेली वस्तू," महानंदा म्हणाली. "पन्हाळ्यावरून."

"कुठाय पन्हाळा?"

मग अक्काताई पुढं झाली. "न्हाय दिसत, साहेब. पर दगड तितनंच पडतोय."

साहेब हसले. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

"बरं, चालवा." महानंदानं बटण दाबलं. दोन ठिपके निघाले, आणि एका क्षणी पोचले. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. "हे पुस्तकात आहेच की."

"पुस्तकात हाय, पर मला पटलं न्हवतं," अक्काताई म्हणाली. "ह्याच्यात पटलं. तुमी वेग वाढवून बघा की साहेब. कितीबी वाढवा. लांब जायचं एक काम आन पडायचं येगळंच काम, एकमेकांस्नी ठावं नसतंय."

एक क्षण साहेब थांबले. त्यांनी वाकून आकडा टाकला, दगड लांब गेला. परत एक टाकला. महानंदा त्यांच्या तोंडाकडं बघत होती. विचारा, ती मनात म्हणत होती, त्या पोरीला अजून एक प्रश्न विचारा.

साहेब सरळ उभे राहिले. "मुलगी हुशार आहे. पण बाई, असे ठिपके फळ्यावरही काढता येतील. तिकडं मुलांच्या शाळेत त्यांनी आमची फ्लॉपी काय सुंदर चालवली. रंग, आवाज. तुमच्याकडं ती लावलेलीच दिसत नाही."

"सर, ह्याच्यात तट होता. चंद्र होता. मराठीत प्रश्न होते. फ्लॉपी खराब झाली."

"कशानं?"

तिनं तोंड उघडलं. विभूती लावली म्हणून, असं सांगितलं तर साहेब हसतील; पुण्यात जाऊन सांगतील; कोल्हापूरच्या बायका फ्लॉपीला भस्म लावतात. आणि ती गोष्ट फिरत फिरत गंगव्वाच्या कानावर येईल.

"माहीत नाही, सर."

"सगळीकडं हेच सांगतात," साहेब हळूच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच तिला लागलं.

दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. बसायला सांगितलं, तेव्हाच तिला कळलं. मशीन मुलांच्या शाळेला जाणार. दिवाळीची सुट्टी संपली की चंदगडला रुजू व्हायचं. "तुला म्हणत होते ना, तोंडात बोट घालायला लावणारं दाखव," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच रडू आलं.

दिवाळीत घराघरांत चकल्यांचा वास सुटला होता आणि महानंदा पोराला अंगावरून तोडत होती. गंगव्वानं कोरफड चिरून दिली. पहिल्यांदा कडू लागलं तेव्हा मल्लू तोंड वाकडं करून तिच्याकडं बघत राहिला. रडला नाही. परत तोंड लावलं, परत कडू. मग मात्र त्यानं असा हंबरडा फोडला की छाती वाजायला लागली, आणि महानंदा भिंतीकडं तोंड करून बसली. गंगव्वानं पोर उचललं, वाटीतलं गाईचं दूध चमच्यानं पाजलं. "रडू नको कंदा, रडू नको बाळा," म्हणत राहिली; कुणाला, ते कळत नव्हतं.

जायच्या दिवशी सगळे एसटी स्टँडला आले. सिद्धलिंग ट्रंक घेऊन टपावर चढला. गंगव्वा पोराला छातीशी धरून फलाटाच्या कडेला उभी होती.

"नंदा, एक विचारू?"

"विचारा की, अत्ती."

"खरं सांगशील न्हवं? सिद्ध्या दसऱ्यापासनं माझ्या डोळ्याला डोळा देत न्हाय. त्या तुझ्या हत्याराला काय झालतं? मी काय केलतो काय?"

महानंदानं तिच्याकडं पाहिलं. म्हातारीचे हात पोराभोवती होते, पण ढिले. जसं कुणीतरी परत मागून घेईल ह्या बेतानं धरलेलं.

"न्हाय अत्ती. मशीनच बाद हुतं. विलायतेतनं वापरून टाकलेलं आपल्या गळ्यात मारलं. फ्लॉपी चांगली हुती, मशीनलाच वाचता येईना."

"खरं?"

"खरं."

"बोल, लिंगाची आण."

टपावरची दोरी आवळणारा सिद्धलिंग थांबला. महानंदाचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाशी गेला. लहानपणी बापानं हे लिंग तिच्या गळ्यात घातलं तेव्हा सांगितलं होतं की ह्याच्या साक्षीनं खोटं बोललेलं सात पिढ्यांना भोवतं. तिला सात पिढ्या दिसत नव्हत्या. समोर एकच दिसत होती, कानटोपीत, नाक वाहणारी.

"लिंगाची आण, अत्ती. तुमी काय केलं नव्हतासा."

गंगव्वानं श्वास सोडला. मग तिनं पोराला नीट उचलून घेतलं, एक हात पाठीखाली, एक मानेखाली, आणि त्याची टोपी कानांवर ओढली. "औषध सकाळी आन दिवेलागणीला. छाती वाजली तर ओव्याची पुरचुंडी. आन तरीबी वाजली तर मी वाट बघणार न्हाय, डॉक्टरकडं पळणार. मला शिकवू नको."

"न्हाय शिकवत."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. काळा धूर फलाटभर पसरला. मल्लू खोकला. गंगव्वानं पदर त्याच्या तोंडावर टाकला आणि ती वळलीच.

"अत्ती, गाडी सुटेपर्यंत तरी—"

"धुरात उभा करू व्हय पोराला? जा तू. पोचल्याचं कळव."

आणि ती झपाझप निघाली, माणसांना कोपरानं बाजूला सारत, "सरका पावणं, लेकरू हाय," असं ओरडत. महानंदा खिडकीतून मान काढून बघत होती. पदराखालून एक इवला पाय बाहेर लोंबत होता, त्यातला मोजा निम्मा निघाला होता. हाक मारून सांगावंसं वाटलं. तोवर गंगव्वानं न बघताच तो पाय मुठीत घेतला, मोजा वर ओढला, आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली.

कंडक्टरनं दोरी ओढली. महानंदाच्या पोलक्याला पुन्हा ओल आली होती. तिनं पदर घट्ट लपेटला आणि पुढं बघत बसली.